"हा तुझा वधस्तंभ आहे" : एका अभ्यासवर्गातले माझे दहा आठवडे

दुःख आणि ख्रिस्ती शिष्यत्व या विषयावरचा एक ऑनलाइन अभ्यासवर्ग मी नुकताच पुरा केला. दर आठवड्याला दीड तास असे दहा आठवडे. नऊ जणांचा गट, एक मार्गदर्शिका आणि सोबत चौऱ्याण्णव पानांची वही. वर्गाचं आणि तो चालवणाऱ्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, नाव मी लिहीत नाही, कारण पुढे दोन तक्रारी आहेत आणि त्यातली एक गंभीर आहे. पण असे वर्ग बऱ्याच मंडळ्या चालवतात. दुखणाईत माणसाने, किंवा दुखणाइताची सेवा करणाऱ्याने, अशा वर्गाला बसावं की नाही आणि बसलं तर काय पाहावं, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी मी कोण ते सांगते. त्याशिवाय माझं मत कुठून आलं ते कळणार नाही. मी चोपन्न वर्षांची आहे. अकरा वर्षांपूर्वी मला संधिवात निघाला, वयाने झिजणाऱ्या गुडघ्यांचा नाही, आमवात म्हणतात तो, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उठते तो. मी आठवीला गणित शिकवायचे. एक दिवस फळ्यावर समीकरण लिहिताना खडू बोटांतून सुटला. उचलला, पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा एका मुलीने येऊन तो माझ्या हातात ठेवला. चार वर्षांनी मी नोकरी सोडली. आजही सकाळी उठल्यावर दीड तास बोटं मिटत नाहीत. नळ फिरवता येत नाही, ब्लाउजचे हूक यजमान लावून देतात. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी असते आणि तिच्या दुसऱ्या दिवशी दिवसभर तोंडाला चव नसते.

या अकरा वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा ऐकवलं गेलेलं वाक्य म्हणजे "हा तुझा वधस्तंभ आहे, तो उचल." वधस्तंभ म्हणजे क्रूस; आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे या, असं येशूने म्हटलं होतं, त्यावरून हे वाक्य येतं. उपासनेनंतर हात हातात घेऊन लोक हे म्हणाले, फोनवर म्हणाले. एका प्रार्थनासभेत तर माझं नाव घेऊन म्हणाले. म्हणणारे सगळे प्रेमाने म्हणत होते, याबद्दल मला कधी शंका आली नाही. पण दर वेळी आत काहीतरी अडायचं. उचल म्हणजे काय करू? मी तर तो खालीही ठेवू शकत नाही. हा प्रश्न घेऊन मी वर्गात नाव नोंदवलं.

वर्गाच्या व्यवस्थेबद्दल थोडक्यात. वेळ संध्याकाळी सातची होती, म्हणजे माझ्यासारखीचे हात तोवर सैल झालेले असतात. पंचेचाळीस मिनिटांनी मार्गदर्शिका स्वतःहून थांबत आणि सगळ्यांना उठून फिरायला सांगत. त्या पूर्वी रुग्णालयात परिचारिका होत्या आणि नंतर बरीच वर्षं मरणासन्न रुग्णांसोबत बसण्याची सेवा त्यांनी केली, हे त्या बोलायला लागल्या की कळायचंच. गटातले सगळे त्यांना ताईच म्हणत. वही स्पायरलची असल्याने टेबलावर सपाट उघडी राहते, अंगठ्याने दाबून धरावी लागत नाही. हे ज्याने ठरवलं त्याचे मी मनापासून आभार मानते. अक्षर मात्र फार बारीक आणि तळटीपा त्याहून बारीक. आजारी आणि वयस्क लोकांसाठी काढलेल्या वहीत हे व्हायला नको होतं. चुकलेला वर्ग ध्वनिमुद्रणावर ऐकता यायचा, पण गटातल्या लोकांचं बोलणं त्यातून काढून टाकलेलं असायचं. हे योग्यच आहे, आणि याचं मोल आठव्या आठवड्यात कळलं.

पहिला आठवडा मार्काच्या शुभवर्तमानावर, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकावर होता, आठव्या ते दहाव्या अध्यायावर. मी हे अध्याय लहानपणापासून ऐकत आले आहे, पण त्यांची बांधणी कधी कोणी दाखवली नव्हती. येशू तीनदा सांगतो की मला दुःख सोसावं लागेल, मला मारतील आणि मी उठेन : ८:३१, ९:३१ आणि १०:३३. आणि तिन्ही वेळा लगेच पुढच्याच ओळींत शिष्यांचा घोळ आहे. पहिल्यांदा पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. दुसऱ्यांदा आपल्यात मोठा कोण यावर वाटेत वाद होतो. तिसऱ्यांदा याकोब आणि योहान उजव्या-डाव्या बाजूच्या जागा मागतात. या सगळ्याच्या आधी बेथसैदाचा आंधळा आहे, ज्याला पहिल्या स्पर्शाने माणसं झाडांसारखी चालताना दिसतात आणि दुसऱ्या स्पर्शाने स्पष्ट दिसतं. शेवटी बार्तीमय आहे, ज्याला दिसायला लागतं आणि तो वाटेने येशूच्या मागे चालू लागतो. दोन आंधळ्यांच्या मध्ये बारा डोळस माणसं, आणि त्यांना दिसत नाही. ताई म्हणाल्या, "दुःखाबद्दल आपल्याला एकदम स्पष्ट दिसलं नाही तर घाबरू नका. दुसऱ्या स्पर्शाची वाट पाहायला या शुभवर्तमानात जागा आहे." त्या रात्री मला फार दिवसांनी बायबल पुन्हा पुढे वाचावंसं वाटलं.

दुसऱ्या वर्गात रोमी राज्यात वधस्तंभ म्हणजे काय होतं ते सांगितलं. ती गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. दोषी माणूस आडवा वासा स्वतः वाहून नेत असे आणि सगळं गाव ते पाहत असे. म्हणजे "आपला वधस्तंभ उचल" हे शब्द ज्यांनी पहिल्यांदा ऐकले त्यांच्यापुढे आजार आला नसेल, त्यांच्यापुढे सरकारने काढलेली धिंड आली असेल. लूकचं शुभवर्तमान त्यात "दररोज" हा शब्द घालतं. मग कुरेनेकर शिमोन आला, आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप, शेतावरून परत येताना धरलेला. ज्या शिमोनाला वधस्तंभ उचलायला सांगितलं होतं तो शिमोन पेत्र त्या दिवशी तिथे नव्हता, आणि रस्त्याने जाणाऱ्या भलत्याच शिमोनावर तो लादला गेला.

इथे गटातला एक तरुण बोलला. त्याने एका खोट्या बिलावर सही करायला नकार दिला होता आणि त्याची नोकरी गेली होती. सांगताना त्याने वधस्तंभ हा शब्द एकदाही वापरला नाही. "मी फक्त सही केली नाही," एवढंच म्हणाला. मी त्याच्याकडे बघत राहिले. अकरा वर्षं लोक जो शब्द मला देत होते तो खरं तर या मुलाचा होता, आणि त्याला तो कोणीच दिला नव्हता.

तिसरा वर्ग छळ आणि रक्तसाक्षी, म्हणजे विश्वासासाठी जीव देणारे, यांच्यावर होता, आणि अशा वर्गांत एरवी जे होतं ते इथे झालं नाही. दुःखाचं गौरवगान झालं नाही. स्मुर्ण्याचा बिशप पॉलिकार्प, ज्याने शहाऐंशी वर्षं ख्रिस्ताची सेवा केली असं सांगून ख्रिस्ताला नाकारायला नकार दिला, तो आधी पकडणाऱ्यांना चुकवून एका शेतावर आणि तिथून दुसऱ्या शेतावर गेला होता. त्याच वृत्तांतात फ्रुगियाचा क्विंटस आहे. तो स्वतःहून पुढे आला, इतरांनाही पुढे ओढलं, आणि हिंस्र पशू पाहिल्यावर घाबरून मूर्तीपुढे यज्ञ करून मोकळा झाला. लिहिणारी मंडळी स्पष्ट सांगते की जे आपण होऊन स्वतःला हवाली करतात त्यांची आम्ही वाखाणणी करत नाही, शुभवर्तमान तसं शिकवत नाही. येशूनेही शिष्यांना एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जायला सांगितलं आहे. प्रेषित पौल, ज्याची पत्रं बायबलमध्ये आहेत, दिमिष्काच्या (दमास्कसच्या) तटावरून पाटीत बसून उतरला, आणि यरुशलेमेत चाबूक उगारले गेले तेव्हा त्याने आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं. १३४९ मध्ये काळ्या मृत्यूच्या साथीत स्वतःला चाबकाने फोडून घेत फिरणाऱ्या टोळ्यांना पोप सहाव्या क्लेमेंटने मनाई केली, हेही ताईंनी सांगितलं. टाळता येतं ते दुःख टाळावं, वेदनेवर औषध असेल तर घ्यावं, हा अविश्वास नाही. हे मंडळीत इतक्या स्पष्टपणे मी याआधी ऐकलं नव्हतं. वेदनाशामक गोळी घेताना मनात जी बारीकशी शरम असायची ती त्या आठवड्यात गेली, ती परत आली नाही.

पण त्याच वर्गात ऐकलेली रक्तसाक्षी फेलिसिटी मला पुढे बरेच दिवस छळत राहिली. इसवी सन २०३, कार्थेज. ती दासी होती, गरोदर होती, तुरुंगात होती. आठव्या महिन्यात तिला कळा सुरू झाल्या आणि ती ओरडली. पहारेकरी म्हणाला, आत्ताच ओरडतेस, मग श्वापदांपुढे काय करशील? तिने दिलेल्या उत्तराचा आशय असा : आत्ता जे सोसते आहे ते माझं मी सोसते आहे, पण तिथे माझ्यात दुसरा कोणीतरी असेल, तो माझ्यासाठी सोसेल, कारण मीही त्याच्यासाठी सोसत असेन. तिला मुलगी झाली, ती एका बहिणीने वाढवली.

सगळ्यांना हे उत्तर फार आवडलं. मला त्यातलं अर्धंच ऐकू आलं. रिंगणातल्या वेदनेत ख्रिस्त आहे. मग कळांमध्ये? तिथे ती एकटी होती का?

चौथा वर्ग आजारावर होता आणि संपूर्ण अभ्यासक्रमात हा सगळ्यात चांगला बांधलेला आहे. सुरुवात योहानाच्या नवव्या अध्यायाने झाली : पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही नाकारतो. मग लूक १३, शिलोहातला बुरूज पडून मेलेली अठरा माणसं. ती इतरांहून जास्त पापी होती असं समजू नका. मग ताईंनी सरळ विचारलं, "चारही शुभवर्तमानांत येशूने एखाद्या आजाऱ्याला 'हा तुझा वधस्तंभ आहे' असं म्हटल्याचं कोणाला आठवतं का?" आम्ही नऊ जण शोधत बसलो. बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई, जिने वैद्यांपायी सगळं घालवलं होतं. अडतीस वर्षं पडून असलेला बेथेस्दाच्या तळ्याकाठचा माणूस. अठरा वर्षं कंबरेत वाकलेली बाई. एकालाही तो तसं म्हणत नाही. तो त्यांना बरं करतो.

त्यानंतर नाझींना विरोध करणारे जर्मन धर्मपंडित डीट्रिख बोन्हॉफर यांचा विचार आला. १९३७ मध्ये शिष्यत्वावर लिहिताना त्यांनी हा भेद केला आहे : वधस्तंभ म्हणजे वाट्याला आलेली आपत्ती किंवा कठीण नशीब नव्हे, केवळ ख्रिस्ताशी बांधलं गेल्यामुळे जे दुःख येतं ते. त्यांचं पुढचं आयुष्य याला धरूनच गेलं. १९३९ च्या जूनमध्ये ते न्यूयॉर्कमध्ये सुरक्षित होते. जुलैत ते जर्मनीला परत निघाले. १९४३ च्या एप्रिलमध्ये अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी दिली गेली. ताईंनी वहीत दोन शब्द लिहायला सांगितले : "ठेवता येतं". वधस्तंभ खाली ठेवता येतो. न्यूयॉर्कला राहता येतं. बिलावर सही करता येते. माझा संधिवात मला खाली ठेवता येत नाही, म्हणून तो वधस्तंभ नाही.

मी कॅमेरा बंद केला आणि रडले. अकरा वर्षांचं ओझं होतं ते, आजाराचं नव्हे, त्याला दिलेल्या नावाचं. लोक मला उचल म्हणत होते आणि उचलायचं काय हे मला सापडत नव्हतं, कारण तिथे उचलण्यासारखं काही नव्हतंच.

हे सुटकेचं रडणं दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी पहाटे बोटं मिटेनात, उशी सरकवता येईना, आणि एक नवाच विचार आला. वधस्तंभ नाही, तर मग हे आहे तरी काय? तो शब्द चुकीचा होता, पण त्या शब्दाने माझ्या दुखण्याला ख्रिस्ताच्या जवळ कुठेतरी जागा दिली होती. ती जागाही गेली. आता ही फक्त फेलिसिटीच्या कळांसारखी वेदना होती, माझी मी सोसायची.

वर्गाकडून माझी मोठी अपेक्षा इथे होती, आणि इथेच तो कमी पडला. पाचवा वर्ग बायबलमधल्या, सगळं काही गमावलेल्या ईयोबावर होता, तो बरा झाला. तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर गप्प बसले तोवर सगळं ठीक होतं, बिघडलं ते बोलायला लागल्यावर, हे सगळ्यांना पटलं. सहावा वर्ग मात्र "दुःखाचा उपयोग" या मथळ्याखाली होता, आणि तो मथळाच मला बोचला. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली साखळी घेतली : संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. मूळ ग्रीक शब्द थ्लिप्सिस, म्हणजे दाब, चेपलं जाणं, हे समजावून सांगितलं ते चांगलं होतं. पण वहीतले प्रश्न असे : "तुमच्या दुःखातून तुमच्यात कोणता सद्गुण वाढला? तीन उदाहरणं लिहा." गटातल्या एका काकांच्या पत्नीला स्मृतिभ्रंश आहे. ती त्यांना ओळखत नाही, रात्री त्यांना चोर समजून ओरडते. काकांनी त्या तीन ओळी कोऱ्या ठेवल्या आणि म्हणाले, "माझ्यात वाढलेला सद्गुण दाखवायला तिचा आजार आला, असं मला लिहिता येणार नाही." ताई त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. वही मात्र नाही. पौल धीर-शील-आशा ही साखळी स्वतःच्या आणि मंडळीच्या सोसण्याबद्दल सांगतो, दुसऱ्याच्या व्याधीचा हिशेब मांडायला नव्हे. आणि त्याच पत्राच्या आठव्या अध्यायात सगळी सृष्टी कण्हते आहे, आपणही कण्हतो, आणि काय मागावं हेही आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा आपल्यासाठी शब्दांपलीकडच्या कण्हण्याने मध्यस्थी करतो असं लिहिलं आहे. माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं आणि वहीने त्या अध्यायाला एक परिच्छेद दिला.

मी ते उत्तर घरी बसून शोधलं, बरेच दिवस. शरीरातल्या काट्याबद्दल, म्हणजे कायम सलणाऱ्या एका त्रासाबद्दल, पौल लिहितो तेव्हा तो त्याला सैतानाचा दूत म्हणतो. तो जावा म्हणून तो तीनदा विनंती करतो, आणि त्या विनंतीबद्दल त्याला कोणी रागावत नाही. उत्तर येतं ते "माझी कृपा तुला पुरे आहे" असं. हे तू उचल, असं येत नाही. काटा त्याच्या प्रेषितपणाची खूण नव्हता, तरी काटा असलेल्या जागी ख्रिस्त आला होता. आणि रोम ८ मधलं कण्हणं छळामुळे आलेलं आणि आजारामुळे आलेलं असं वेगळं केलेलं नाही. आत्मा जिथे माझ्यासोबत कण्हतो तिथे मी एकटी नाही. फेलिसिटीच्या कोठडीत, त्या कळांमध्येही तो होता, असं मी आता मानते. तिला स्वतःला ते त्या घटकेला जाणवलं नसेल इतकंच. मला पहाटे जाणवत नाही तसं.

सातव्या वर्गाने मात्र सहाव्याची भरपाई केली. विषय होता विलाप. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचलं. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाला स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द अंधार असा आहे, आणि तरी ते देवालाच म्हटलेलं आहे. मग विलापगीत. पहिले, दुसरे आणि चौथे अध्याय बावीस ओव्यांचे, हिब्रूच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने रचलेले. तिसरा सहासष्ट ओव्यांचा, प्रत्येक अक्षराला तीन. पाचव्यातही ओव्या बावीसच, पण अक्षरांचा क्रम नाही. मी गणिताची शिक्षिका, मला हे पाहून अंगावर काटा आला. रडणाऱ्याने आधी शोकाला अ पासून ज्ञ पर्यंत चौकट घातली, आणि शेवटी ती चौकट हातातून सुटली, फक्त मोजणी उरली. देवाची दया रोज सकाळी नवी होते हे प्रसिद्ध वचन त्या मधल्या तिसऱ्या अध्यायात आहे. त्यानंतर पुन्हा शोक आहे. पौलसुद्धा आसियातल्या संकटाबद्दल लिहितो की जगण्याची आशाच सुटली होती. आणि वधस्तंभावर येशूने बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ म्हटली. या वर्गानंतर वहीत एक अख्खं पान कोरं आहे, तुमचं स्वतःचं विलापगीत लिहा म्हणून. त्यावर एकही सूचना नाही. हे पान वहीतलं सगळ्यात चांगलं पान आहे.

आता गंभीर तक्रार. आठवा वर्ग पेत्राच्या पहिल्या पत्रावर होता. वहीत दुसऱ्या अध्यायातली ती वचनं छापली आहेत : चांगलं करूनही दुःख भोगावं लागलं आणि तुम्ही ते निमूट सोसलंत तर ते देवाला पसंत आहे, यासाठीच तुम्हाला पाचारण झालं आहे. खाली प्रश्न : "तुम्हाला अन्यायाने वागवणाऱ्या व्यक्तीचं नाव प्रार्थनेत घ्या आणि सोसण्याचा निश्चय करा." बस्स. ही वचनं घरगुती गुलामांना उद्देशून आहेत, ज्यांना दाद मागायला न्यायालय नव्हतं आणि निघून जायला वाट नव्हती, हे वहीत कुठेही नाही. त्याच्याच पुढे तिसरा अध्याय "तसेच स्त्रियांनो" असा सुरू होतो, आणि तो जोड कोणा बाईला काय करायला लावेल याचा विचार लिहिणाऱ्याने केलेला नाही.

आमच्या गटात एक बहीण होती, सात आठवडे तिचा कॅमेरा बंदच होता. तिच्या परवानगीने आणि खुणा बदलून लिहिते. तिने त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चालू केला आणि विचारलं, "मग मी निश्चय करू का? रोज मारतो तो. पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, हा तुझा वधस्तंभ आहे."

माझंच वाक्य. माझ्या अंगातून वीज गेल्यासारखं झालं. मला ते वाक्य फक्त अडवत होतं, हिला ते मारेकऱ्याच्या घरात बांधून ठेवत होतं.

ताई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नाही. हा वधस्तंभ नाही. हा गुन्हा आहे. तुम्ही आज रात्री कुठे झोपणार आहात?" वर्ग तिथेच थांबवला. आम्हा बाकीच्यांना जायला सांगितलं आणि त्या तिच्यासोबत लाइनवर राहिल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी एवढंच सांगितलं की ती बहीण सुरक्षित आहे. मग जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचं १५१८ मधलं हायडेलबर्गचं वादकथन वाचून दाखवलं, एकविसावा मुद्दा : गौरवाचा धर्मपंडित वाईटाला चांगलं आणि चांगल्याला वाईट म्हणतो, वधस्तंभाचा धर्मपंडित जे जसं आहे त्याला तसंच म्हणतो. "माराला मार म्हणायचं," ताई म्हणाल्या. "वधस्तंभ म्हणायचं नाही."

हे मार्गदर्शिकेमुळे झालं. वहीमुळे झालं असतं ते आठवलं तरी भीती वाटते. हीच वही घेऊन एखादा अननुभवी माणूस वर्ग चालवत असेल, आणि त्याच्या गटातही कॅमेरा बंद ठेवलेली कोणी असेल, तर? मी आयोजकांना पत्र लिहिलं आहे, पान क्रमांकासकट. तो प्रश्न काढावा, गुलामांचा संदर्भ घालावा, आणि घरात मार खाणाऱ्या माणसाने आधी सुरक्षित जागी जावं हे ठळक अक्षरात त्याच पानावर छापावं. उत्तरात आभार आले आहेत. दुरुस्ती होईपर्यंत मी या वहीची शिफारस एकटीने अभ्यास करणाऱ्या कोणालाही करणार नाही.

नवव्या वर्गाबद्दल एवढंच : गलतीकरांच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहा असं आहे आणि तीनच ओव्यांनी प्रत्येकाने आपला भार वाहावा असं आहे. मुळात दोन वेगळे शब्द आहेत. चिरडणारं ओझं मिळून वाहायचं, रोजची शिदोरी ज्याने त्याने. त्या चर्चेनंतर काकांसाठी गटाने आठवड्यातल्या दोन रात्री वाटून घेतल्या. त्या रात्री त्यांनी झोपायचं आणि आमच्यापैकी एकाने फोन जवळ ठेवून जागं राहायचं, म्हणजे काही झालं तर त्यांना लगेच कोणाशी बोलता येईल. हे अजून चालू आहे.

मलाही इथे एक गोष्ट उमगली, वर्गाने शिकवलेली नाही, पण वर्गात बसल्यामुळे. माझा आजार खाली ठेवता येत नाही. पण दुखत्या हाताने फोन उचलून पहाटे तीनला काकांशी बोलणं मला टाळता येतं. कोणी मला दोष देणार नाही. सगळे म्हणतील, तिला किती त्रास आहे. तो फोन मी उचलते तेव्हा जे होतं त्याला काय म्हणायचं ते मी मोठ्याने ठरवत नाही. त्या तरुणानेही ठरवलं नव्हतं.

दहावा वर्ग पुनरुत्थानावर होता, आणि मला वाटतं घाईत उरकला. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला दाखवलेले हात उठलेल्या प्रभूचे होते आणि त्यांवर खिळ्यांच्या खुणा होत्या, यावर मला आणखी एक तास हवा होता. माझे हात कसे असतील तेव्हा, हे मला विचारायचं होतं. वेळ संपली.

तर कोणी बसावं? दीर्घ आजार असलेल्याने बसावं, चौथ्या आणि सातव्या वर्गासाठी तरी. दुसऱ्याची सेवा करून थकलेल्याने बसावं, पण सहाव्या वर्गातल्या प्रश्नांच्या ओळी कोऱ्या ठेवायची तयारी ठेवून. अगदी ताजं दुःख असेल, महिन्या-दोन महिन्यांतलं, तर थांबावं. त्या वेळी ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवसच पुरे असतात. आणि नाव नोंदवण्याआधी एक प्रश्न नक्की विचारावा : वर्ग कोण चालवणार आहे, आणि मारहाण किंवा छळ सांगणारं कोणी आलं तर ती व्यक्ती काय करेल? उत्तर "आम्ही प्रार्थना करू" एवढंच असेल तर दुसरा वर्ग शोधावा.

मी पाचपैकी साडेतीन तारे देते. त्यातले तीन ताईंचे आहेत. अर्धा त्या कोऱ्या पानाचा. माझं पान भरायला तीन संध्याकाळी लागल्या, कारण उजवा अंगठा त्या आठवड्यात अजिबात चालत नव्हता. डाव्या हाताने आठ ओळी लिहिल्या. त्या वाकड्यातिकड्या आहेत आणि आठवी ओळ स्तुतीकडे वळत नाही. यजमानांनी ते पान वहीतून अलगद काढून माझ्या बायबलमध्ये अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राजवळ ठेवलं आहे.